पुरुषावर प्रेम करणाऱ्या बाईने जहाल स्त्रीवादाची सुरुवात कुठून करावी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कॉलेजच्या मुली आणि लग्नाला चार-पाच वर्षे झालेल्या बायका एक प्रश्न हमखास विचारतात. "मला पुरुष आवडतात, लग्न करायचे आहे किंवा झालेले आहे, मग जहाल स्त्रीवाद माझ्या काय कामाचा?" विचारताना आवाज खाली येतो, कारण जहाल स्त्रीवादी म्हणजे पुरुषद्वेष्टी आणि घर मोडणारी ही समजूत पक्की बसली आहे. आपले दैनिक घराघरांत दुपारी बायकांच्या हाती पडते, म्हणून याचे उत्तर इथेच, जरा सविस्तर देत आहोत.

जहाल स्त्रीवादाची चळवळ उभी राहिली ती 1960 च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकेत. 1967 साली 'न्यूयॉर्क रॅडिकल विमेन' आणि 1969 साली 'रेडस्टॉकिंग्ज' हे गट निघाले. त्यांतल्या बऱ्याच जणी नागरी हक्कांच्या आणि युद्धविरोधी चळवळीतून आलेल्या होत्या. व्यासपीठावरून समता सांगणारे सहकारी कॉफी करायला आणि टंकलेखनाला बायकांनाच पाठवतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. कायद्यात समान हक्क आणि नोकरीत जागा मिळाली की भागेल, हे त्यांना पटत नव्हते. बाईचे श्रम, तिचे शरीर आणि तिची मूल जन्माला घालण्याची क्षमता यांवर पुरुषांचा ताबा आहे, तो ताबा रोज घरातच नव्याने बसतो आणि बाकीची विषमता त्यावर उभी आहे, अशी त्यांची मांडणी. एकेका नवऱ्याचा स्वभाव त्यात दुय्यम ठरतो. चांगल्या नवऱ्यालाही या व्यवस्थेचा फायदा न मागता मिळतो. वाईट नवरा तोच फायदा मारहाण करून वसूल करतो.

रेडस्टॉकिंग्जच्या जुलै 1969 च्या जाहीरनाम्यातली एक गोष्ट पुरुषासोबत राहणाऱ्या बाईने लक्षात ठेवावी. बाई दबून राहते ती मूर्ख आहे किंवा तिच्या डोक्यात काही भरवले आहे म्हणून, हे त्यांनी साफ नाकारले. तिच्यावर पुरुषांचा रोजचा, न थांबणारा दबाव असतो, म्हणून ती दबते; तेव्हा बदलायचे आहे ते पुरुषांनी. म्हणजे नवऱ्याचे ऐकणारी, त्याच्यावर जीव लावणारी बाई या विचाराला चालत नाही, असे मुळीच नाही. स्त्रीवाद्यांनी पुरुषांशी संबंधच ठेवू नयेत, अशी भूमिका 1979 साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका गटाने मांडली खरी. पण त्यावर चळवळीतच कडाक्याचे वाद झाले. ती एका गटाची भूमिका होती, आत येण्याची अट नव्हे.

त्या वादातून एक प्रश्न मात्र उरला, आणि तो आपल्या भागात फार खरा आहे. 1980 साली कवयित्री एड्रिएन रिच यांनी विचारले, की पुरुषाकडे ओढ असणे आणि पुरुषाच्या आधाराशिवाय जगताच न येणे, या दोन गोष्टी आपण एकच का मानतो? चिकोडी-रायबागकडच्या खेड्यात लग्न न केलेल्या पस्तिशीच्या बाईला राहायला कोणते घर असते? तिच्या नावावर गुंठाभर जमीन असते का? आजारी पडली तर दवाखान्यात सोबत कोण जाते? "मला तो आवडतो" आणि "मला लग्न करावेच लागेल" ही दोन वाक्ये वेगळी करून पाहावीत. पहिले कुणीही हिरावून घेत नाही. तपासायचे आहे ते दुसरे.

आणि हा विचार परदेशातून आला म्हणून त्याला नाक मुरडायचे कारण नाही. ताराबाई शिंदे यांनी 1882 सालीच पुरुषाला एक नियम आणि बाईला दुसरा का, हे सडेतोडपणे विचारले होते. डॉ. आंबेडकरांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले, की जात टिकते ती जातीबाहेर लग्न होऊ न दिल्याने, आणि त्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली उभ्या राहिल्या. म्हणजे बाईच्या शरीरावरचा ताबा हा जातीचा पाया. आपल्याकडे या दोघांपासून वाचायला सुरुवात करावी, मग अमेरिकेकडे वळावे. तो क्रम उलटा झाला की जात नजरेतून सुटते आणि पुढे सगळे चुकत जाते.

आता कामाचे बोलू. एकटीने पुस्तक वाचून, रात्री नवऱ्याशी वाद घालून सुरुवात करू नये. तो तुम्हाला बोलण्यात हरवेल, किंवा मान डोलावून विषय संपवेल. दोन्हीने हाती काही लागत नाही. सुरुवात गटाने करावी. अमेरिकेतल्या गटांनी हीच पद्धत मुख्य मानली होती.

गट सहा ते दहा जणींचा असावा. सहाहून कमी असतील तर दोघी आजारी पडल्या की बैठक बुडते. दहाच्या वर गेल्यास दोन तासांत प्रत्येकीला धड दहा मिनिटे मिळत नाहीत. आठवड्यातून एकदा, निदान तीन महिने. नव्या गटाला घरून परवानगी मिळणे अवघड असेल तर चालू भिशीचाच दिवस घ्यावा. भिशीला कुणी अडवत नाही. देवळाचा सभामंडप टाळावा, कारण पाळी आलेली बाई घरी थांबते आणि काही गावांत दलित बाई पायरीच्या पुढे येत नाही. अंगणवाडीची खोली किंवा शाळा सुटल्यावरचा वर्ग बरा. खेड्यात दुपारी दोन ते चार, शहरात रविवारी सकाळी. जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या सरकारी बसचा प्रवास बायकांना मोफत आहे, त्यामुळे शेजारच्या गावातली बाईही येऊ शकते. ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता मात्र लागतो. चंदगड किंवा गडहिंग्लजहून येणारीला महाराष्ट्राच्या एसटीत हद्दीपर्यंत अर्धे तिकीट पडते.

एका बैठकीला एकच प्रश्न. गोल बसायचे, क्रमाने बोलायचे, आणि आपल्या बाबतीत काय घडते तेवढेच सांगायचे. मध्ये तोडायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, "माझ्या जावेचे तर ऐका" म्हणून दुसरीची कहाणी आणायची नाही. फोन बंद करून पिशवीत. प्रश्न घरगुती असावेत. घरात शेवटी कोण जेवते, आणि त्या वेळी भांड्यात काय उरलेले असते? लग्नात नाव बदलले ते कोणी ठरवले? पहिली मुलगी झाली तेव्हा खोलीत कोण काय बोलले? नको वाटत असताना 'हो' म्हटले ते कशामुळे? शेवटचा प्रश्न पहिल्या महिन्यात घेऊ नये. ओळख मुरल्याशिवाय कुणी खरे बोलत नाही.

शेवटचा अर्धा तास फळ्यावर. तीन रकाने करावेत: सगळ्यांच्या बोलण्यात सारखे काय होते, त्याचा फायदा कुणाला होतो, आणि बाईने नाही म्हटले तर तिचे काय होते. हा तिसरा रकाना सोडला तर बैठक म्हणजे नुसते मन मोकळे करणे होऊन बसते. त्यात लिहिले जाते ते असे: अबोला, माहेरी धाडणे, पैसे बंद, मुलांसमोर अपमान, हात उगारणे. सात घरांतल्या सात बायकांचा तिसरा रकाना जवळजवळ सारखाच निघतो. हे ज्या दिवशी फळ्यावर दिसते, त्या दिवशी "माझेच नशीब असे" हे वाक्य मागे पडते. घरातली गोष्ट ही राजकारणाची गोष्ट असते असे म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच.

गट कुठे फसतो तेही सांगायला हवे. पहिल्या दोन-तीन बैठकांत सगळा राग सासूवर निघतो. पुरुष गोष्टीतून गायबच होतात: सासू टोचून बोलते, नणंद काड्या करते, आणि नवरा बिचारा मध्ये सापडलेला. अशा वेळी बैठक चालवणारीने इतकेच विचारावे, की सासूने हे केले नाही तर सासूचे काय होईल? तिच्याही नावावर काही नसते. मुलाच्या घरातली आपली जागा ती सुनेवर लक्ष ठेवून टिकवत असते. दुसरी अडचण एकीनेच बोलत राहण्याची, बहुधा शिकलेलीने. त्यावर अमेरिकेतल्या एका गटाने चकत्या वाटण्याची युक्ती काढली होती; आपल्याकडे चिंचोके आहेत. प्रत्येकीला पाच द्यायचे, क्रमाबाहेर बोलले की एक मध्ये टाकायचा, संपले की ऐकायचे. तिसरी अडचण म्हणजे गट सगळ्यांचाच, म्हणून कुणाचीच जबाबदारी नाही. मग ठरावीक दोघी-तिघीच न सांगता सगळे ठरवू लागतात. बैठक चालवणारी दर वेळी बदलावी, हिशेब लिहावा, निर्णय वाचून दाखवावे. आणि चौथी, सर्वांत घातक: बैठकीतले बोलणे बाहेर जाणे. एक वाक्य जरी कुणाच्या नवऱ्याच्या कानी पडले तरी गट संपला म्हणून समजा. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त वेळ आणि जागा टाकावी.

मार्गदर्शनाला पुरुष वक्ता बोलावू नये, कितीही पुरोगामी असला तरी. त्याला मदतच करायची असेल तर त्या दोन तासांत मुले सांभाळावीत.

गट सुरू झाला की प्रत्येकीने आपल्या घरातली एका आठवड्याची नोंद करावी. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत दिवसभरात बिनमोल घरकामाला हात लावणाऱ्या बायका 81 टक्क्यांवर होत्या, पुरुष जेमतेम 26 टक्के. जे करतात त्यांतही बाईची रोजची सरासरी 299 मिनिटे, पुरुषाची 97. पण देशाचा आकडा नवऱ्यासमोर ठेवून उपयोग होत नाही, घरचा लागतो. वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडावेत. समोर काम, ते कोणी केले, आणि ते करायचे आहे हे कोणी लक्षात ठेवले. हा शेवटचा रकाना बहुतेक नोंदींत नसतो आणि खरे ओझे तिथेच असते. गॅस संपत आला आहे, नळाला पाणी उद्या पहाटे येणार आहे, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या तीनच उरल्या, शाळेत शुक्रवारी रंगीत कागद न्यायचे आहेत. वडगाव-शहापूरकडे यंत्रमागाच्या घरात कांड्या भरणारी बाई, खेड्यात गोठा आणि वैरण पाहणारी बाई ही कामे "घरचेच आहे" म्हणून लिहीतच नाही. तीही लिहावीत, कारण तिथे मजूर लावला तर पैसे द्यावे लागतात.

नोंद झाल्यावर नवऱ्याकडे मदत मागू नये, काम सोपवावे. मदत म्हणजे तुम्ही सांगायचे, त्याने करायचे आणि तुम्ही आभार मानायचे. आठवण ठेवण्याचे काम तुमच्याकडेच राहते. सोपवायचे ते लक्षात ठेवण्यापासून शेवटपर्यंत. दोनच कामे निवडावीत, रोजची आणि न टाळता येणारी: रात्रीची भांडी आणि मुलांचा सकाळचा डबा. डबा म्हणजे काय बनवायचे ते ठरवणे, भाजी आणणे, करणे, भरणे, आल्यावर घासणे. पूर्ण म्हणजे काय ते आधीच ठरवावे आणि निदान सहा आठवडे चालू ठेवावे. गौरी-गणपतीत, सुगीत किंवा घरात लग्न असताना सुरुवात करू नये.

यातही काय बिघडते ते ठरलेले आहे. तो मुद्दाम किंवा खरोखरच वाईट करतो, मग "सोड, मीच करते" म्हणून तुम्ही हात घालता, आणि काम परत आले. रेडस्टॉकिंग्जच्या पॅट मेनार्डी यांनी 1970 साली घरकामावर एक लेख लिहिला होता. नवऱ्यांच्या सबबी आणि त्यामागचे खरे अर्थ त्यांनी एकेक करून मांडले होते. "मला तुझ्यासारखे जमत नाही" ही सबब तेव्हाही होती. उपाय एकच: तेल लागलेले ताट दिसले तर तसेच ठेवावे, पुढच्या जेवणाला ते त्याच्या पानात यावे. एकत्र कुटुंबात दुसरा प्रकार होतो. मुलगा भांडी घासताना दिसला की सासू ती ओढून घेते, म्हणजे एका बाईचे काम दुसऱ्या बाईवर जाते. तेव्हा सासूशी भांडण न करता नवऱ्याने आईला स्वतः सांगावे, आणि ते तो सांगेपर्यंत सूनबाईने मध्ये पडू नये. तो सांगत नसेल तर त्याचीही नोंद वहीत करावी. गटात वाचायला ती उपयोगी पडते.

शरीराचा विषय वर्तमानपत्रात लिहायला संकोच वाटतो, पण र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून मासिक चालवून बाईच्या कामसुखाच्या हक्कावर मराठीतच लिहिले. आपण शंभर वर्षांनी मागे का जावे? बाईच्या सुखाचे मुख्य ठिकाण शिश्निका (क्लिटोरिस) आहे आणि केवळ संभोगाने ते बहुतेकींना मिळत नाही, हे जहाल स्त्रीवाद्यांनी 1970 च्या सुमारास उघड लिहिले, कारण ते माहीत नसण्याचा दोष बाईच्या माथी 'थंड' म्हणून मारला जात होता. नवऱ्याला हे सांगता येते आणि सांगावे. नको असेल तेव्हा कारण न देता नको म्हणता येणे, ही पहिली पायरी. ते म्हणता येत नसेल, म्हटल्यावर अबोला किंवा मार मिळत असेल, तर प्रश्न समजुतीचा राहिलेला नाही. सध्याच्या कायद्यात अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेली बळजोरी बलात्कार ठरत नाही. मार्च 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने असा खटला नवऱ्यावर चालू दिला होता, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्याला स्थगिती दिली. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मात्र लैंगिक छळ स्पष्टपणे येतो, तिथे दाद मागता येते.

मूल नको असण्याची जबाबदारी कुणाच्या शरीरावर पडते ते पाहा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत बायकांची नसबंदी 37.9 टक्के, पुरुषांची 0.3 टक्के. बिनटाक्याची पुरुष नसबंदी तेवढ्या जागेपुरती भूल देऊन होते, माणूस त्याच दिवशी घरी येतो. दोन दिवस विश्रांती आणि आठवडाभर जड ओझे नाही, एवढेच पथ्य. ताकद जात नाही, इच्छाही जात नाही. इथे एक चूक नेहमी होते: ती लगेच लागू पडत नाही. तीन महिने जाऊन वीर्य तपासणीत शुक्राणू नाहीत असे लेखी येईपर्यंत निरोध वापरावाच लागतो, नाहीतर दिवस राहतात आणि संशय बायकोवर येतो. गर्भपाताबाबत, सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते आणि ठरावीक परिस्थितीत 24 आठवड्यांपर्यंत दोघांचे. दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली तर ती कोणत्या नियमाने, ते लेखी द्यायला सांगावे.

मंगळसूत्र काढावे का, कुंकू लावावे का, असे मुली फार विचारतात. आमचे मत असे, की तिथून सुरुवात करू नये. एकटीने मंगळसूत्र काढले की सगळे घर तिच्यावर तुटून पडते आणि भांडीसुद्धा हलत नाहीत. हेच काम सामूहिक झाले तर वेगळे. आपल्या सीमेलगत शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये नवरा गेल्यावर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, जोडवी आणि मंगळसूत्र काढणे बंद करण्याचा ठराव केला. असा ठराव आपल्या ग्रामसभेत मांडणे हे गटाचे पहिले बाहेरचे काम होऊ शकते.

यानंतर पैसा आणि जमीन. फळ्यावरचा तिसरा रकाना सर्वांत जास्त बदलतो तो इथे. नाही म्हटल्यावर जायला जागा असलेली बाई आणि नसलेली बाई एकाच नवऱ्याशी वेगवेगळे बोलतात. राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 रुपये बाईच्या खात्यात येतात. पण कार्ड कुणाच्या खिशात आणि ओटीपी कुणाच्या फोनवर, ते पाहावे. खात्याला स्वतःचा नंबर जोडणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. बचत संघातून किंवा फायनान्सकडून बाईच्या नावे कर्ज घ्यायचे, पैसा नवऱ्याने वापरायचा आणि हप्त्याला तिने तोंड द्यायचे, हे आपल्या भागात घरोघरी चालले आहे. जो पैसा आपण खर्च करणार नाही त्यावर सही करू नये, हा नियम गटाने सगळ्यांनी मिळून पाळावा. एकटीला तो पाळता येत नाही.

माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मतः मुलाइतका हिस्सा आहे. कर्नाटकाने 30 जुलै 1994 पासून तो दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळले होते. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की 2005 साली वडील हयात नसले तरी हक्क राहतो. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटणी झाली असेल तर मात्र ती मोडत नाही. हा कायदा हिंदूंबरोबर लिंगायत, जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांना लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांचे नियम वेगळे.

कागदावर हक्क असून जातो तो दोन ठिकाणी. वडील गेल्यावर नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, दिलेल्या वंशावळीत बहिणींची नावेच घातली जात नाहीत. आणि घातली तर हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते, बहुधा दिवसकार्याच्या आसपास, पाहुणे जमलेले असताना. त्या काळात कशावरही सही करू नये. पहाणीचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा ऑनलाइन काढावा, मालकांच्या रकान्यातली नावे पाहावीत, वंशावळीची प्रत मागावी. नाव नसेल तर वारसा नोंदीच्या नोटिशीची मुदत संपण्याआधी लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. माहेर महाराष्ट्रात असेल तर हेच काम तलाठ्याकडे, सातबारा पाहून. भाऊ तुटेल ही भीती खरी आहे, ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण ज्या माहेरात आपला हिस्सा नाही, तिथे अडचणीत किती दिवस राहू दिले जाते, हे प्रत्येकीने गटात विचारून पाहावे.

मारहाण असेल तर वही, भांडी, डबा हे सगळे बाजूला ठेवावे. तिथे काम सोपवण्याचे प्रयोग करू नयेत, धोका वाढतो. आधार, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुक आणि दागिन्यांचे फोटो यांच्या प्रती गटातल्या एकीकडे ठेवाव्यात. दवाखान्यात "पडले" न सांगता कोणी मारले ते सांगावे आणि केस पेपरवर लिहून घ्यावे. तातडीला 112, मदतीला 181. बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, त्यासाठी 15100. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची एक तरतूद सीमाभागाला फार उपयोगी आहे: बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो, आणि आदेश देशभर लागू होतो. बेळगावच्या सासरातून चंदगडच्या माहेरी आलेलीला तारखांसाठी बेळगावला खेटे घालावे लागत नाहीत. घर सासऱ्याच्या नावावर असले तरी ज्या घरात ती नांदत होती तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. इथल्या कचेऱ्यांत कागद कन्नडमध्ये चालतात. म्हणून गटात कन्नड लिहिणारी एक जण असावीच, आणि सही करण्यापूर्वी मजकूर मराठीत वाचून घ्यावा. कन्नड बोलणाऱ्या शेजारणींना गटात घेतले तर हे आपोआप साधते. सीमाप्रश्न सुटेपर्यंत बायकांचे प्रश्न थांबवा, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या कामगार बायका एकत्र आल्या त्या मजुरीसाठी आणि वखारीतल्या छळाविरुद्ध. छाया दातार यांनी त्यांचा अभ्यास केला आहे, तो वाचावा.

या विचारातले वादही नवख्या बाईपासून लपवू नयेत. वेश्याव्यवसाय ही निव्वळ हिंसा, असे बहुतेक जहाल स्त्रीवादी मानतात. सांगलीत 1996 साली उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद ते मानत नाही, आणि त्या बायका स्वतःच्या अनुभवाने बोलतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराखाली राहणाऱ्यांना हा वाद पुस्तकी वाटू नये. देवदासी सोडण्यावर कर्नाटकाने 1982 साली बंदीचा कायदा केला, आणि त्या घरांतल्या बायकांना पुढे काय मिळाले ते त्यांनाच विचारावे. या प्रवाहातला एक भाग तृतीयपंथी स्त्रियांना बाहेर ठेवतो. आम्हाला ते मान्य नाही. यल्लम्माला वाहिलेल्या तृतीयपंथी जोगप्पांना हिणवणारी आणि मारणारी पुरुषसत्ता तीच आहे. आणि जातीबद्दल: सवर्ण बाईने नवऱ्याला भांडी देण्याऐवजी दलित मोलकरणीला कमी पगारात दिली, तर त्या घरात काहीही बदललेले नाही. मोलकरीण ठेवलीच असेल तर आठवड्याची सुट्टी, ठरलेला पगार आणि बाळंतपणाची रजा यापासून सुरुवात करावी.

शेवटी आपल्याला एक विनंती. वारसा आणि हक्कसोडीच्या जाहीर नोटिसा आपल्याच पानांवर येतात, आणि त्यांतल्या बहिणींना त्या अनेकदा वाचायलाही मिळत नाहीत. रविवारच्या महिला पुरवणीत एक कायमची चौकट द्यावी: त्या आठवड्यातल्या जिल्ह्यातल्या अशा नोटिसा गावांच्या नावांसह मोठ्या अक्षरांत, हरकतीची शेवटची तारीख, आणि खाली 181 व 15100 हे क्रमांक. लागणारी जागा एका पाककृतीइतकीच आहे.

आपल्या,
स्त्री-प्रश्नांवर काम करणाऱ्या काही वाचक,
बेळगाव, खानापूर, निपाणी